घरच्या कार्यालयात दूरचित्रवाणी संच : मॉनिटर म्हणून वापर करताना

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि असंख्य घरांतील जेवणाचे टेबल एका रात्रीत कचेरीचे टेबल झाले. पुढे टाळेबंदी उठली, कचेऱ्या पूर्ववत सुरू झाल्या. परंतु घरून काम करण्याची पद्धत पूर्णपणे मागे पडली नाही. संगणक-अभियंते, सनदी लेखापाल, करसल्लागार, अनुवादक, विमा प्रतिनिधी, लहान व्यापारी अशा अनेकांचे निदान काही काम आजही घरातूनच चालते. त्यांपैकी बहुतेकांजवळ साधन असते ते १४ किंवा १५ इंची लॅपटॉपचे. त्यावर एकीकडे हिशेबाचा तक्ता आणि दुसरीकडे बँकेचे विवरणपत्र उघडावयाचे म्हटले, की दोन्हींची अक्षरे मुंगीएवढी होतात. अशा वेळी समोरच्या भिंतीवरील मोठ्या दूरचित्रवाणी संचाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. हाच पडदा संगणकाला जोडला तर?

तो जोडता येतो, एवढे उत्तर पुरेसे नाही. दिवसाचे सहा-आठ तास त्या पडद्यावर वाचन करावयाचे असेल तर डोळे, मान, पैसा आणि आर्थिक माहितीची गोपनीयता या चारही गोष्टींचा विचार आधी करणे इष्ट ठरते. प्रस्तुत लेखात या विचाराची क्रमवार मांडणी केली आहे.

एकाच पडद्याच्या दोन वाटा

घरगुती संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांचे नाते नवे नाही. ब्रिटनमध्ये १९८२ साली बाजारात आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या लहान संगणकाला स्वतःचा पडदा नव्हताच. तो घरातल्या टीव्हीला, अँटेनाची तार जेथे जोडतात तेथेच जोडला जाई. पडद्यावर एका ओळीत ३२ अक्षरे आणि अशा २४ ओळी दिसत. खेळांसाठी एवढे पुरेसे होते. पत्रव्यवहार व हिशेब यांसाठी मात्र अपुरे होते. जुन्या पद्धतीच्या टीव्ही-संकेतात रंग आणि प्रकाश एकत्र मिसळून येत असल्याने अक्षरांच्या बारीक उभ्या रेषा एकमेकींत मिसळून जात. म्हणूनच १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक कचेऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा ८० अक्षरांची ओळ स्पष्ट दाखविणारा एकरंगी मॉनिटरही त्यासोबत उपलब्ध करून दिला. भारतीय बँकांमध्ये रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर यांत्रिकीकरणाला गती आली. त्या काळात लेजर पोस्टिंग यंत्रावर काम केलेल्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना एकरंगी अक्षरांचे ते पडदे आजही आठवत असतील.

अशा रीतीने चित्रासाठी टीव्ही आणि अक्षरांसाठी मॉनिटर अशा दोन वाटा झाल्या. सपाट एलसीडी पडदे आणि २००२ च्या अखेरीस आलेली एचडीएमआय ही अंकीय जोडणी यांमुळे त्या पुन्हा एकत्र आल्या. आता संगणकाने पाठविलेला प्रत्येक चित्रबिंदू टीव्हीच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटू शकतो. तरीही एक मूलभूत फरक उरतोच. टीव्हीची रचना दोन-तीन मीटर अंतरावरून हलते चित्र पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी झालेली असते; मॉनिटरची रचना हाताच्या अंतरावरून स्थिर अक्षरे वाचणाऱ्या वाचकासाठी. पुढील जवळजवळ सर्व अडचणी या एका फरकातून निर्माण होतात.

इंच नव्हे, बिंदू मोजावेत

खरेदी करताना पडद्याचे इंच विचारले जातात. संगणकाच्या कामासाठी मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की त्या इंचांमध्ये चित्रबिंदू म्हणजे पिक्सेल किती आहेत? पडद्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून तिला आडव्या बिंदूंच्या संख्येने भागले, की एका बिंदूचा आकार मिळतो. निरोगी डोळा सर्वसाधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. या हिशेबाने बिंदूच्या आकाराच्या सुमारे ३४४० पट अंतरावर गेल्यावर सुटे बिंदू दिसेनासे होतात. नेहमीच्या पाच पडद्यांसाठी हे गणित असे येते :

२४ इंची मॉनिटर (१९२० × १०८० बिंदू) : रुंदी ५३ सेंमी, बिंदू ०.२८ मिमी, अंतर सुमारे ९५ सेंमी.
३२ इंची टीव्ही (१३६६ × ७६८ बिंदू) : रुंदी ७१ सेंमी, बिंदू ०.५२ मिमी, अंतर सुमारे १७८ सेंमी.
४३ इंची टीव्ही (१९२० × १०८० बिंदू) : रुंदी ९५ सेंमी, बिंदू ०.५० मिमी, अंतर सुमारे १७० सेंमी.
४३ इंची फोर-के टीव्ही (३८४० × २१६० बिंदू) : रुंदी ९५ सेंमी, बिंदू ०.२५ मिमी, अंतर सुमारे ८५ सेंमी.
५५ इंची फोर-के टीव्ही (३८४० × २१६० बिंदू) : रुंदी १२२ सेंमी, बिंदू ०.३२ मिमी, अंतर सुमारे १०९ सेंमी.

ही अंतरे म्हणजे कठोर मर्यादा नव्हेत. २४ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटरवरून वापरला जातो आणि त्याबद्दल फारशी तक्रार होत नाही. तेवढाच रेखीवपणा हवा असेल तर ४३ इंची फोर-के संच ५५ सेंटिमीटरवर आणि ५५ इंची फोर-के संच ७० सेंटिमीटरवर ठेवला तरी चालेल. परंतु ४३ इंची साध्या फुल एचडी संचापासून मात्र एक मीटरहून अधिक दूर बसावे लागेल.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मोठा पडदा म्हणजे अधिक जागा, असे नव्हे. ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर हिशेबाच्या तक्त्याच्या जेवढ्या ओळी दिसतात, तेवढ्याच २४ इंची मॉनिटरवर दिसतात. कारण दोहोंवरील बिंदूंची संख्या एकच आहे. टीव्हीवर त्या फक्त फुगवून दाखविल्या जातात. याउलट ४३ इंची फोर-के संच म्हणजे २१.५ इंचांचे चार फुल एचडी मॉनिटर मधल्या चौकटी काढून एकत्र जोडल्यासारखे असते. विवरणपत्र, खातेवही, पत्राचा मसुदा आणि ई-मेल एकाच वेळी समोर ठेवता येणे, हा त्याचा खरा लाभ आहे.

दृष्टी मंद झालेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी हा हिशेब काहीसा बदलतो. त्यांना अधिक ओळी नको असतात, मोठी अक्षरे हवी असतात. घरात असलेला साधा फुल एचडी संच त्यांच्या कामी चांगला येऊ शकतो.

टेबल, खुर्ची आणि मान

पडदा निवडताना न मोजली जाणारी वस्तू म्हणजे टेबलाची खोली. घरगुती लिखाणाचे टेबल पुष्कळदा ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फूट खोल असते. त्यावर टीव्ही आपल्या पायांवर उभा केला, तर पाय बरीच जागा अडवितात आणि पडदा पुढे सरकतो. ६० सेंटिमीटर अंतरावरून ९५ सेंटिमीटर रुंद पडदा पाहताना नजरेला सुमारे ७७ अंशांचा कोन व्यापावा लागतो. केवळ डोळे फिरवून काम भागत नाही, दर वेळी मान वळवावी लागते. हाच पडदा ८५ सेंटिमीटरवर नेला, तर कोन सुमारे ५८ अंशांवर येतो. यावर सोपा उपाय म्हणजे संच टेबलावर न ठेवता टेबलामागील भिंतीवर बसविणे. बसणारी व्यक्ती टेबलाच्या कडेपासून थोडी मागे असतेच, त्यामुळे ७५ ते ८५ सेंटिमीटर अंतर सहज मिळते.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी, हा कार्यस्थळाच्या रचनेतील सर्वमान्य नियम होय. ४३ इंची संचाची उंची ५३-५४ सेंटिमीटर असते. ७५ सेंटिमीटर उंच टेबलावर, पायांची उंची धरून, त्याची वरची कड जमिनीपासून १३५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. खुर्चीत बसलेल्या मध्यम उंचीच्या व्यक्तीचे डोळे मात्र ११५ ते १२० सेंटिमीटरवर असतात. म्हणजे पडद्याचा वरचा भाग पाहण्यासाठी हनुवटी उचलावी लागते आणि असे दिवसभर केल्यास मान व खांदे आखडतात. भिंतीवर बसविताना संचाची खालची कड टेबलाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ टेकेल इतकी खाली घ्यावी. तरीही वरची पट्टी उंचच राहिली तर तेथे क्वचित पाहावयाच्या गोष्टी ठेवाव्यात आणि लिखाणाची खिडकी खालच्या दोन-तृतीयांश भागात आणावी. दिवाणखान्यात उंच टांगलेला संच सिनेमासाठी योग्य असला तरी आठ तासांच्या लिखाणासाठी तो योग्य नाही.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी किमान २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला मोठ्या पडद्यालाही तितकाच लागू आहे.

जोडणी आणि मांडणी

संच संगणकाला जोडताच अनेकदा निराशा पदरी येते. चित्र कडांना कापले जाते, अक्षरे धूसर दिसतात, माउसचा बाण रेंगाळतो. यांपैकी बहुतेक दोष संचाचे नसून मांडणीचे असतात. पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात :

१. कापलेल्या कडा : जुन्या काचनळीच्या संचांमध्ये चित्राच्या कडा समान येत नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा झाकण्याची प्रथा पडली. ती अनेक नव्या संचांतही चालू आहे. त्यामुळे खालची पट्टी दिसेनाशी होते आणि चित्र ताणले गेल्याने अक्षरे पुसट होतात. संचाच्या चित्र-मांडणीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम पर्याय निवडला, की हा दोष जातो.

२. रेंगाळणारा बाण : एचडीएमआय १.४ या आवृत्तीवर फोर-के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळा बदलते. २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीवर ते ६० वेळा बदलते. संगणक, तार आणि संचाची खाच या तिन्ही गोष्टी नव्या आवृत्तीच्या असल्या तरच ६० चा वेग मिळतो. त्यांतील एक जरी जुनी असेल तरी वेग ३० वर येतो. काही संचांत ‘गेम’ वा ‘पीसी’ प्रकार निवडल्यावर चित्रसंस्करण कमी होते आणि बाण हाताबरोबर चालू लागतो.

३. रंगीत अक्षरांचा धूसरपणा : मानवी डोळा प्रकाशातील बारकावे जितके टिपतो तितके रंगातील टिपत नाही. याचा लाभ घेऊन चलच्चित्रात चार शेजारी बिंदूंसाठी रंगाची माहिती एकत्र ठेवली जाते. चित्रपटात ही काटकसर जाणवत नाही. परंतु पांढऱ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल अक्षरे असतील तर कडा विरघळल्यासारख्या दिसतात. संगणकाच्या कामासाठी प्रत्येक बिंदूचा रंग स्वतंत्र ठेवणारा ‘४:४:४’ हा प्रकार आवश्यक आहे. अनेक संचांत तो ‘पीसी’ प्रकार निवडल्यावरच किंवा त्या खाचेचा उच्च क्षमतेचा पर्याय सुरू केल्यावरच मिळतो.

४. झगमगाट : दुकानात उठून दिसावे म्हणून ‘व्हिव्हिड’ वा ‘डायनॅमिक’ प्रकारात प्रकाश व रंग भडक ठेवलेले असतात. हाताच्या अंतरावर हा प्रकाश डोळ्यांना त्रासदायक ठरतो. तो खोलीतील उजेडाशी जुळेल इतका कमी करावा. ‘शार्पनेस’ वाढविल्यास अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते, म्हणून तीही कमी ठेवावी.

पडद्याच्या जातीकडेही लक्ष द्यावे. ओएलईडी पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. संगणकाची खालची पट्टी किंवा तक्त्याच्या रेघा महिनोन् महिने एकाच जागी राहिल्यास त्यांचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. स्थिर मजकुराच्या कामाला साधा एलईडी प्रकाशाचा एलसीडी पडदा अधिक सुरक्षित होय.

अक्षरांची परीक्षा

वरील सूक्ष्म बाबींचे महत्त्व मराठी वाचकाला विशेष जाणवावे. देवनागरीत अनुस्वार म्हणजे एक-दोन बिंदूंचा खेळ असतो. रफार, रुकार, जोडाक्षरांतील अर्धे वर्ण ही सारी चिन्हे शिरोरेषेच्या वर-खाली लहानशा जागेत बसतात. रोमन लिपी जेथे जेमतेम वाचता येते, तेथे देवनागरी गढूळ झालेली असते. म्हणून पडद्याची चाचणी मराठी मजकुरावर आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत घ्यावी.

बँकेच्या व्यवहारात तर अस्पष्ट अक्षराची किंमत पैशांत मोजावी लागते. आयएफएससी क्रमांकातील अकरा चिन्हांपैकी पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते; त्या जागी ‘ओ’ हे अक्षर वाचले गेले की व्यवहार अडतो. त्याहून गंभीर म्हणजे खाते क्रमांकातील ३ आणि ८, ५ आणि ६ यांची गफलत. एनईएफटी व आरटीजीएस व्यवहारात रक्कम जमा होते ती खाते क्रमांकाच्या आधारे. सोबत लिहिलेले नाव जुळलेच पाहिजे असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी या दोन्ही प्रणालींत रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळून पाहण्याची सोय उपलब्ध करून द्यावयाची होती. पडदा लहान असो वा मोठा, ग्राहकांनी या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा.

खर्चाचा हिशेब

समान आकाराच्या मॉनिटरपेक्षा टीव्ही सहसा स्वस्त पडतो, कारण त्याचे उत्पादन फार मोठ्या प्रमाणावर होते. ३२ इंचांहून मोठ्या टीव्ही व मॉनिटरवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे करापोटी मोठ्या पडद्यावर पडणारा जादा बोजाही नाहीसा झाला.

तथापि किंमत म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. ४३ इंची संचाचा वापर ८० वॅट आणि २४ इंची मॉनिटरचा २० वॅट धरला, तर रोज आठ तासांप्रमाणे महिन्याच्या २५ दिवसांत फरक १२ युनिटांचा पडतो. प्रत्यक्ष आकडा संचावरील ऊर्जा-लेबलवरून काढावा. भिंतीवरील कंस, योग्य तार आणि प्रसंगी नवे टेबल यांचाही खर्च जमेस धरावा. वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. घरगुती संचाच्या वॉरंटीतून व्यावसायिक वापर वगळलेला असू शकतो.

हप्त्यांनी खरेदी करणाऱ्यांनी ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांना भुलू नये. शून्य व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा नाकारलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. रोखीची किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी मांडली, की खरा दर उघड होतो.

मोठा पडदा, उघडी माहिती

लॅपटॉपचा पडदा बसणाऱ्याच्या शरीराने बराचसा झाकला जातो. ४३ इंची पडद्यावरील खात्यातील शिल्लक मात्र दारातून, खिडकीतून, समोरच्या इमारतीतूनही वाचता येते. म्हणून पडद्याची दिशा खिडकी व प्रवेशद्वार यांच्याकडे नसावी आणि बँकिंग व्यवहाराची खिडकी लहान ठेवावी. याशिवाय पुढील दक्षता आवश्यक आहे :

• टीव्हीमधील ब्राउझरवरून नेट बँकिंग करू नये. अनेक संचांना सुरक्षाविषयक सुधारणा काही वर्षांनंतर मिळेनाशा होतात. व्यवहार संगणकावरच करावा. टीव्हीने केवळ पडद्याचे काम करावे.
• मोबाइलचा पडदा बिनतारी पद्धतीने टीव्हीवर दाखवीत असताना आलेला ओटीपी घरातील सर्वांना दिसतो. आर्थिक कामासाठी संगणक तारेनेच जोडावा.
• पडद्यावर काय चालू आहे हे ओळखून ती माहिती कंपनीकडे पाठविण्याची सोय काही स्मार्ट संचांत असते. मांडणीत जाऊन ती बंद करावी. केवळ मॉनिटर म्हणून वापरावयाचा संच इंटरनेटला न जोडणे सर्वांत उत्तम.
• ऑनलाइन बैठकीत संपूर्ण पडदा न दाखविता आवश्यक तेवढी एकच खिडकी दाखवावी. मोठ्या पडद्यावर अनेक खिडक्या उघड्या असतात, याचा विसर पडतो.
• फसवणूक झाल्याचे लक्षात येताच विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवावी.

निर्णय घेण्यापूर्वी

नवीन संच घेण्याआधी घरातील टीव्हीवरच एक आठवडा काम करून पाहावे. ती बिनखर्चाची चाचणी होय. टेबल पडद्यापासून योग्य अंतरावर न्यावे, वरील मांडणी करावी आणि रोजचेच काम करावे. आठवड्याच्या शेवटी मान दुखते काय, डोळे चुरचुरतात काय, संगणक झोपी गेल्यावर दर वेळी रिमोट शोधावा लागल्याने काम खोळंबते काय, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. कुटुंबातील इतरांच्या बातम्या व मालिकांची वेळ आणि कामाची वेळ यांचा मेळ बसतो की नाही, हाही प्रश्न लहान नाही.

एकाच वेळी अनेक कागदपत्रे समोर ठेवणाऱ्या लेखापालाला, लांबलचक तक्ते हाताळणाऱ्या व्यावसायिकाला, तसेच मोठ्या अक्षरांची गरज असलेल्या ज्येष्ठ नागरिकाला योग्य जागी बसविलेला टीव्ही उत्तम साथ देऊ शकतो. ज्यांचे काम मुख्यतः एकाच पानावर चालते, ज्यांची खोली लहान आहे, किंवा ज्यांना छपाईसाठी रंगांची अचूकता हवी आहे, त्यांच्यासाठी २४ ते २७ इंचांचा साधा मॉनिटरच अधिक सोयीचा ठरतो. थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी घरातली मोजपट्टी बाहेर काढावी. टेबलाची खोली, बसल्यावर डोळ्यांची उंची आणि पडद्यातील बिंदूंची संख्या ही तीन मापे कागदावर उतरली, की कोणता पडदा घ्यावा, आणि मुळात घ्यावा की नाही, याचा निर्णय सोपा होतो.